तीन रात्रींचं दीव: तारीख ठरवण्यापासून परतीच्या नाक्यापर्यंत

'दमण-दीव' ही जोडी शाळेपासून तोंडात बसलेली असल्यामुळे पुष्कळांना दीव दमणच्या शेजारीच असेल असं वाटतं. दमण वापीच्या बाजूला, मुंबईहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढ्या अंतरावर. दीव मात्र खंभातच्या आखाताच्या पलीकडे, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला. खाडीच्या एका पट्ट्याने मुख्य भूमीपासून वेगळं झालेलं हे चिंचोळं बेट आहे, पूर्व-पश्चिम जेमतेम दहा-बारा किलोमीटर लांब. पूर्व टोकाला किल्ला आणि जुनं गाव, पश्चिम टोकाला वणाकबारा हे कोळ्यांचं बंदर, मध्ये नागोआचा किनारा आणि विमानतळ. स्कूटरवरून सगळं बेट एका दुपारी पालथं घालता येतं. तसं घालू नये, एवढंच सांगायला हा लेख आहे.

दीवला 'छोटा गोवा' म्हणायची पद्धत आहे. ती डोक्यातून काढून टाका. गोवा शोधत गेलात तर शॅक नाहीत, संगीत नाही, फेणी नाही म्हणून हिरमुसून परत याल. दीव हे सौराष्ट्रातलं एक गुजराती बोलणारं गाव आहे. त्यावर सव्वाचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य होतं आणि १९ डिसेंबर १९६१ ला ते गोव्याबरोबरच मुक्त झालं. गल्ल्या, तटबंदी, भरती-ओहोटी आणि मासे यांच्यासाठी जायचं असेल तर दीवसारखी जागा नाही.

तारखा: तिकिटाआधी तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट पाऊस. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरू देत नाहीत, नागोआवरचे पाण्यातले खेळ बंद असतात. मार्चअखेरपासून उकाडा वाढतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्कूटरवर स्वेटर लागतो, म्हणजे पातळसा का होईना बरोबर ठेवा.

दुसरी गोष्ट मराठी माणसाच्या लक्षात येत नाही. दीवची गर्दी मुंबई-पुण्याच्या सुट्ट्यांवर चालत नाही, ती सौराष्ट्राच्या सुट्ट्यांवर चालते. राजकोट, जुनागढ, भावनगर, अमरेली इथला माणूस शनिवारी गाडी काढून दीवला येतो. जन्माष्टमीच्या आसपासच्या 'सातम-आठम'ला अख्खा काठियावाड सुट्टीवर निघतो; त्या आठवड्यात खोली मिळाली तरी दर दुप्पट-तिप्पट. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) तीच कथा, आणि ३१ डिसेंबरबद्दल बोलायलाच नको. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी लाभपंचमीनंतरही काही दिवस उरते. ते उरलेले दिवस पकडा. शक्य असेल तर सोमवारी पोचा आणि गुरुवारी निघा. सोमवार ते गुरुवारचं दीव आणि शनिवारचं दीव ही दोन वेगळी गावं आहेत.

तिसरी गोष्ट मासेमारीची. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, गुजरातेत अलीकडे ती १५ ऑगस्टपर्यंत लांबली आहे. या काळात ताटात येईल ते बर्फातलं असेल. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर जसा बाजार हळूहळू भरतो, तसंच तिथेही.

पोचायचं कसं

सगळ्यात सोपं विमान. मुंबई-दीव मार्गावर पंख्याची छोटी विमानं येत-जात आली आहेत, पण वेळापत्रक ऋतूनुसार बदलतं आणि आसनं मोजकी असतात. म्हणून विमानाच्या तारखा नक्की झाल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका. दीव जुळत नसेल तर राजकोट किंवा केशोदला उतरून पुढे टॅक्सी करता येते. केशोदहून रस्ता साधारण तीन तासांचा, राजकोटहून पाच तास धरा.

रेल्वेने जायचं तर वेरावळ. वांद्रे टर्मिनसहून सौराष्ट्र जनता एक्सप्रेस वेरावळपर्यंत जाते. पुण्याहून आठवड्यातून एकदा वेरावळची गाडी आहे. एक रात्र आणि वर काही तास, अशी ही मजल. वेरावळहून दीव नव्वद किलोमीटरच्या आसपास, कोडिनार-उनामार्गे. स्टेशनबाहेर टॅक्सी मिळतात. एसटीची सवय असेल तर वेरावळहून उन्यापर्यंत गुजरात एसटीची बस आणि उन्याहून रिक्षा हा स्वस्त मार्ग आहे. उना ते दीव पंधरा किलोमीटर. रिक्षात बसण्याआधी 'दीव' एवढंच सांगू नका. जुन्या गावातला बंदर चौक, नागोआ की पुलाअलीकडचं घोघला ते सांगून भाडं ठरवा, कारण तिन्हींत बराच फरक पडतो. बोरिवलीहून उन्याकडे जाणाऱ्या खासगी स्लीपर बसही आहेत. ज्यांची पाठ मजबूत आहे त्यांनी विचार करावा.

स्वतःची गाडी असेल तर वडोदरा-भावनगर मार्गे आठशेच्या आसपास किलोमीटर पडतात. तीन रात्रींच्या सहलीसाठी हे फार झालं. इथे हजिरा-घोघा फेरी कामाला येते. सुरतजवळच्या हजिऱ्याहून गाडीसकट जहाजात चढायचं आणि चार तासांच्या आसपास भावनगरजवळ घोघ्याला उतरायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली. रस्त्याने जे पावणेचारशे किलोमीटर होतात ते पाण्यावरून नव्वदच्या आसपास होतात, आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याला झोप मिळते. हवामान किंवा दुरुस्तीमुळे फेरी अधूनमधून बंद असते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करा. आणि नकाशात नाव टाकताना जपून: घोघा भावनगरजवळ आहे, घोघला दीवजवळ. दोन्हींत पावणेदोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे.

घोघा ते दीव हा रस्ता तळाजा, महुवा, राजुला, उना असा येतो. राजुल्याजवळ जाफराबादची पाटी दिसेल. हे बंदर संस्थानं विलीन होईपर्यंत आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होतं. वाकडी वाट करून जायला तिथे फारसं काही नाही, पण पाटी दिसली की गाडीत गप्पांना विषय मिळतो.

मुक्काम कुठे

तीन पर्याय. नागोआवर समुद्रासमोर रिसॉर्ट आहेत. लहान मुलं असतील आणि दिवसभर वाळूतच बसायचं असेल तर तिथे राहा. घोघला हा दीवचाच भाग, पण पुलापलीकडे मुख्य भूमीवर. त्याचा किनारा लांब आणि स्वच्छ आहे, २०२० मध्ये देशातल्या पहिल्या आठ 'ब्लू फ्लॅग' किनाऱ्यांत त्याचा नंबर लागला. शांतता हवी तर घोघला.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जुन्या गावात, बंदर चौकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहावं. संध्याकाळी धक्क्यावर फिरायला मिळतं, सकाळी भाजीबाजार आणि चर्चच्या गल्ल्या पायाखाली, आणि किल्ला दहा-पंधरा मिनिटांवर. खोली घेताना एकच प्रश्न नक्की विचारा: खाली किंवा शेजारी बार आहे का? दीवमध्ये हा प्रश्न समुद्र दिसतो का याहून महत्त्वाचा. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीत बरोबर ठेवा, स्कूटर भाड्याने घेताना परवानाही लागतो. स्कूटर सुटीच्या दिवशी दुपारी मिळत नाही, आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. ब्रेक आणि दिवा तपासा, टाकीत पेट्रोल किती आहे त्याचा फोटो काढा.

पहिली संध्याकाळ: किल्ला

पोचल्या दिवशी फक्त किल्ला. उन्हं कलल्यावर जा, पण बंद व्हायच्या दोन तास आधी आत शिरा, कारण तो दिसतो त्याहून मोठा आहे. तीन बाजूंनी पाणी आणि जमिनीकडच्या बाजूला खडक फोडून काढलेला खंदक. आत बुरुजांवर पितळी आणि लोखंडी तोफा, दीपस्तंभ, पडक्या चर्चच्या भिंती.

आपल्याला या किल्ल्यात रस वाटावा याचं एक खास कारण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मुघल बादशहा हुमायूनच्या कचाट्यात सापडला होता. त्याने डिसेंबर १५३४ च्या तहात पोर्तुगीजांना वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. म्हणजे मुंबई फिरंग्यांकडे गेली ती आणि हा किल्ला उभा राहिला तो, एकाच घबराटीतून. १५३७ मध्ये बहादूरशहा दीवच्याच पाण्यात मारला गेला. त्यानंतर १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले, पहिल्यात तर ऑटोमन आरमार आलं होतं. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, दीव मात्र पुढे सव्वादोनशे वर्षं तसंच राहिलं. वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांनी इथल्या दगडाची झीज आणि कमानी शेजारी ठेवून पाहाव्यात.

बुरुजावरून खाडीत एक दगडी गलबत नांगरून ठेवल्यासारखं दिसतं, तो पाणीकोट. तिथे पूर्वी कैदी ठेवत. बोट जात असेलच असं नाही, धक्क्यावरून छान दिसतो तेवढं पुरे.

दुसरा दिवस: घड्याळ समुद्राचं

गंगेश्वर कधी पाहायचं यावर दुसऱ्या दिवसाचा सगळा क्रम ठरतो. फुदम गावाजवळ कड्याखाली, खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आहेत. पांडवांनी स्थापली असं सांगतात. पायऱ्या उतरून खाली गेलं की समोर थेट समुद्र. ओहोटीला गेलात तर पाच लिंगं, थोडी फुलं आणि ओला दगड, बस. भरती चढत असताना गेलात तर लाट आत येते, पाचही लिंगं पांढऱ्या फेसाखाली जातात, मग पाणी दगडांच्या फटींतून चुळचुळ आवाज करत परत फिरतं आणि लिंगं एकेक करून वर येतात. कोणीतरी वाहिलेलं जास्वंद तेवढ्यात बाहेर गेलेलं असतं.

कोकणातला आडाखा बहुतेकांना ठाऊक असतो: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हे मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला धरून आहे. दीवला ही वेळ तास-दोन तासांनी सरकू शकते. त्यामुळे आडाखा फक्त दिवसाचा आराखडा बांधायला वापरा. नक्की वेळ फोनवरच्या भरतीच्या तक्त्यात दीव किंवा वेरावळ टाकून बघा, किंवा सरळ हॉटेलवाल्याला 'भरती क्यारे?' म्हणून विचारा. पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी पोचणं चांगलं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पायऱ्यांच्याही वर पाणी उडतं, तेव्हा लहान मुलांना खालच्या पायरीवर सोडू नका आणि शेवाळावर चप्पल घालून उतरू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला जी शिस्त लागते, तीच इथे.

आता बाकीचं त्याभोवती बसवा. नागोआला जायचं असेल तर सकाळी सातला. घोड्याच्या नालासारखा वळलेला हा किनारा सौम्य उताराचा आहे, पाण्यात उतरायला बेटावर त्याहून बरी जागा नाही. दहानंतर मोटरबोटी आणि पॅराशूटवाले सुरू होतात, अकरापर्यंत परत फिरा. रस्त्याकडेला फांद्या फुटलेले विचित्र ताड दिसतील, ते होका. ताडाला फांद्या फुटलेल्या पाहायची आपल्याला सवय नसते, म्हणून गाडी थांबवाविशी वाटते. चक्रतीर्थ आणि जालंधर किनारे गावाजवळ आहेत पण खडकाळ. बसायला छान, पोहायला नाही.

नायडा गुंफा अकरा ते एकच्या दरम्यान पाहा. गावाच्या तटाबाहेर, झांपा दरवाजाजवळ. किल्ल्याचा दगड इथून काढला असं मानतात. माणसांनी दगड काढता काढता उरलेल्या या पोकळ्या आहेत, वरून छताला भोकं, आणि माध्यान्हीच्या सुमाराला त्या भोकांतून ऊन उभं खाली पडतं. भिंतींवर छिन्नीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खुणा दिसतात, मधूनच झाडाची मुळं छतातून लोंबत असतात. फोटोवाल्यांची रांग लागते ती पहिल्या दोन दालनांत. आणखी आत गेलात की कोणी नसतं. पायात बूट हवेत.

उन्हाची दुपार चर्चमध्ये काढा. सतराव्या शतकातलं सेंट पॉल अजून वापरात आहे आणि आतलं लाकडी कोरीवकाम निवांत पाहण्यासारखं आहे. सेंट थॉमसमध्ये आता संग्रहालय आहे. तिसऱ्यासाठी खास वेळ काढला नाही तरी चालेल.

संध्याकाळी चक्रतीर्थजवळचं खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी दीवच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. सूर्यास्त बघायला इथे झुंबड असते आणि बरेच जण स्मारकाकडे पाठ करून सेल्फी काढतात. अर्धा तास आधी जाऊन आधी नावं वाचा. खुकरी नावाचीच नंतरची युद्धनौका सेवेतून निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीवला दिली गेली; वेळ असेल तर तीही बघा.

जेवण, आणि वणाकबारा

दीवमधली बहुतेक हॉटेलं ज्या पाहुण्यांवर चालतात ते शाकाहारी आहेत. म्हणून मेनूकार्डावर पनीर, मांचुरियन आणि काठियावाडी थाळी आधी, मासे शेवटच्या पानावर. थाळी वाईट नसते; बाजरीचा रोटला, वांग्याचं 'ओळो', शेव-टमाटरची भाजी, गूळ आणि ताक असं जेवण भर दुपारी उत्तम जातं. माशांसाठी मात्र आधी सांगावं लागतं. सकाळी नाश्त्यालाच विचारा की आज काय येईल, आणि रात्रीसाठी सांगून ठेवा. काही छोट्या खाणावळी तुम्ही आणलेला मासा करून देतात. मसाला कमी आणि तेल कमी हे दोनदा सांगा.

मासा आणायचा तर वणाकबाऱ्याहून. तिसऱ्या दिवसाची सकाळ या बंदराला द्या, बाकी सगळं रद्द झालं तरी चालेल. शेकडो होड्या एकमेकींना खेटून उभ्या, नाव आणि झेंडे रंगवलेले. होडी लागली की टोपल्या हातोहात वर येतात, बर्फ फोडायचा आवाज, तराजू, आणि लिलाव इतका झपाट्याने की दोन आकडे ऐकू येईपर्यंत माल गेलेला असतो. बायका फरशीवर ढीग लावतात: बोंबील, कोळंबी, माकूल, मधूनच पापलेट. कडेला नव्या होड्यांचे सांगाडे उभे असतात, सुतार फासळ्या बसवत असतात. फोटो काढण्याआधी विचारा, कामाच्या वाटेत उभे राहू नका. किरकोळ खरेदी लिलावात होत नाही, बाजूला बसलेल्या बायकांकडे होते. ससून डॉकला भाव करायची सवय असलेल्यांना इथे अडचण येणार नाही.

दारू: कायदा नीट समजून घ्या

दीवमध्ये दारू कायदेशीर आहे, शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे. गुजरातचा हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ चा. आपल्याकडे त्याच कायद्याखाली सर्रास परवाने निघतात आणि तिकडे मोजके परवाने सोडले तर बंदी. घोघला आणि तड या दोन्ही बाजूंच्या नाक्यांवर पोलीस गाड्या, बस, पिशव्या तपासतात. एक सीलबंद बाटलीही बाहेर नेऊ नका, 'आम्ही महाराष्ट्रातले' याने काही फरक पडत नाही. पिऊन हद्दीत शिरणं हाही गुन्हा आहे, म्हणून निघायच्या दिवशी सकाळची बीअरसुद्धा नको. भाड्याच्या टॅक्सीने जाणार असाल तर निघण्याआधी डिकी आणि सीटखाली एकदा स्वतः बघा. शनिवारी संध्याकाळी नागोआवर पिणाऱ्यांची गर्दी असते. बायकांच्या किंवा कुटुंबाच्या गटाने त्या वेळी गावात किंवा घोघल्याला असावं.

परतताना

गीर जोडायचा मोह होतो. सिंह बघायचे असतील तर एक रात्र वाढवा आणि गीरमधल्या सासणला राहा. दीवहून पहाटे निघून सफारी करून रात्री वेरावळ गाठणं हा छळ आहे. सफारीचे परवाने वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी काढावे लागतात आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं.

सोमनाथ मात्र वाटेवरच आहे. मुख्य मंदिरात मोबाइल, कॅमेरा, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. लॉकरच्या रांगेचा वेळ धरून दीड-दोन तास ठेवा. जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ आहे. तिथे गर्दी कमी असते आणि मराठी पाहुणे नेमकं तेच चुकवतात. तिथून वेरावळ स्टेशन सहा-सात किलोमीटर. सोमनाथ करून गाडी पकडायची असेल तर गाडीच्या वेळेच्या सहा तास आधी दीव सोडा, नुसतीच गाडी पकडायची असेल तर साडेतीन तास पुरतात. कोडिनारजवळ ट्रकांची रांग लागली तर हाच वाढीव वेळ कामाला येतो.